नऊ आठवडे आणि पगारे सिस्टर

पगारे सिस्टर इंजेक्शन देताना पाककृती विचारायच्या. "मेथीची भाजी कशी करते तू? पहिल्यापासून सांग," असं म्हणत सिरिंज भरायच्या, आणि आपण मेथी निवडून, धुऊन, चिरून लसणापर्यंत पोचतो न पोचतो तोच सुई बाहेर आलेली असायची. मग कापूस दाबत त्या निकाल द्यायच्या, "चुकलं. मेथी चिरायची नसते, खुडायची." हा निकाल देणाऱ्या बाईंना स्वतःला धड वरणही येत नव्हतं. त्यांच्या घरी मी एकदा जेवले आणि त्यानंतर पुष्कळदा "आत्ताच खाऊन आले" असं सांगत राहिले. चौथीच्या वर्गाला मी खरं बोलायला शिकवते, पण त्या वरणापुढे माझा इलाज नव्हता.

त्या माझ्या आयुष्यात आल्या तेव्हा आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. मिलिंद, माझा नवरा, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला. मी महापालिकेच्या शाळेत. घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई, विमलबाई. मूल होत नव्हतं. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर मॅडमनी टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग सुचवला आणि त्याची सुरुवात म्हणून दहा-बारा दिवस रोज संध्याकाळी सात वाजता पोटात इंजेक्शन घ्यायला सांगितलं. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि आम्ही नाशिकरोडला. शाळा सुटल्यावर तिथपर्यंत पोचून वेळ पाळणं मला जमणारं नव्हतं. शेजारणीने सांगितलं, "पलीकडच्या गल्लीत पगारे सिस्टर आहेत की. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात होत्या. रिटायर झाल्या, पण हात अजून हलका आहे."

पहिल्या दिवशी सातला दोन मिनिटं कमी असताना दारात एक बुटक्या, गोल चेहऱ्याच्या बाई उभ्या राहिल्या. सुती पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ, खांद्याला कापडी पिशवी. "जयभीम. पेशंट कुठाय?"

"मीच," मी म्हटलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शाळेत शिकवते ना? उभं राहण्यावरनं कळतं. मी टोचताना मला शिकवायचं नाय, एवढं पाळ."

मी पाळलं नाही. मोबाइलवर वाचून वाचून मी इतकी तयार झाले होते की तिसऱ्याच दिवशी म्हणाले, "सिस्टर, सुई पंचेचाळीस अंशात धरायची असते ना?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अंश तुझ्या कंपासपेटीत ठेव. आणि पिठलं कसं करते ते सांग."

मूळच्या त्या सिन्नरकडच्या एका खेड्यातल्या. अख्खी नोकरी शहरात काढली तरी बोलणं गावाकडचंच राहिलं होतं, आणि ते बदलावं असं त्यांना कधी वाटलंही नाही. मला पपई खाऊ नको, जिना चढू नको, अमक्या बाईच्या समोरून जाऊ नको असं सांगणारी माणसं तेव्हा गल्लोगल्ली होती. मी एखादा सल्ला त्यांच्या कानावर घातला की त्यांचा एकच प्रश्न असे, "कोण म्हणालं? तिची डिग्री काय?" स्वतःबद्दलही त्यांचा मोठा दावा नव्हता. "मी औषध पोचवते. पुढचं औषधाने बघावं," असं म्हणून त्या पिशवी बंद करायच्या.

एकदा मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "सिस्टर, म्हातारपणी आमचं कोण?" तर त्या हसल्याच. "मला तीन पोरं हायेत. तिघातल्या एकाला तरी माझ्या डोळ्यांत थेंब घालता येतात का, विचार. नाकात जातात सगळे." मग म्हणाल्या, "म्हणून तू मूल मागू नको असं मी म्हणत नाय. लय वाटतं तर जरूर माग. पण मूल हवं म्हणून माग. म्हातारपणाची काठी बाजारात मिळते."

आमच्या घरात देवदेव नाही. सासूबाईंच्या सासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले, ते कायमचे. भिंतीवर बुद्धांची तसबीर, रविवारी विहारात वंदना, एवढंच आमचं. सासूबाई पंचशील म्हणताना एक शब्द चुकत नाहीत. पण नातवंडाची ओढ मोठी विचित्र असते. त्या पंचवटीत भाजी आणायला गेल्या, तिथे कुण्या बाईने त्यांना काळा दोरा मंतरून दिला, आणि तो त्यांनी माझ्या उशीत शिवून ठेवला. अभ्रा धुवायला काढताना तो माझ्या हाताला लागला. मी भडकले. "आई, तुम्ही? आपल्या घरात?" त्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. नेमक्या त्याच वेळी सिस्टर आल्या. काय झालं ते ऐकून मलाच म्हणाल्या, "कशाला तोंड टाकते? तू सुईवर भरवसा ठेवते, ती दोऱ्यावर. दोघींना शिवायचं एकच हाय." मग सासूबाईंकडे वळून, "विमलबाई, दोरा काढून टाका मात्र. पोरगी आधीच नीट झोपत नाय, त्यात उशीत गाठ."

मी सिस्टरांवरही एकदा ओरडले आहे. आठव्या दिवशी मी शाळेतून आले तर त्या आधीच येऊन बसलेल्या. "पेटी खराब झाली. मी दुपारीच आले होते, माझ्या हातनं बाहेर राहिली, उन्हात. नवी आणावी लागल. मी मॅडमना फोन केलाय." इंजेक्शनची पेटी फ्रीजमध्ये ठेवायची असते हे पहिलीतल्या मुलालाही सांगितलं असतं तर कळलं असतं. मी त्यांना नको नको ते बोलले. सरकारी नोकरीत असंच चालत होतं का, इथपर्यंत बोलले. मिलिंद स्कूटर काढून शहरातून नवी पेटी घेऊन आला आणि सातची वेळ गाठली गेली. सिस्टरांनी सुई भरली. "ओरडून झालं का? मग आता बेसनाचे लाडू सांग."

पुढचं सगळं ठीक झालं. गर्भ आत ठेवला. मग गर्भ टिकावा म्हणून कमरेत तेलाची इंजेक्शनं सुरू झाली, ती मात्र पाककृती सांगून टळणारी नव्हती. सिस्टर ती कुपी बराच वेळ मुठीत धरून कोमट करायच्या. "डाव्या पायावर भार दे, उजव्या पायाचा अंगठा आत वळव," म्हणायच्या, आणि नंतर गरम पाण्यात पिळलेल्या पंच्याने जागा शेकून द्यायच्या. पंधरा दिवसांनी रक्ततपासणी झाली. दिवस गेले होते. सातव्या आठवड्यात डॉक्टर मॅडमनी ठोके ऐकवले. मी बाहेर येऊन पहिला फोन माझ्या आईला केला नाही, सिस्टरांना केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता उजवी बाजू सुजली असेल, आज डावीकडे देते."

नवव्या आठवड्यात ठोके नव्हते.

डॉक्टर मॅडमनी मशीन दोनदा फिरवून पाहिलं. त्यांनी माझा हात धरला, चांगल्या बोलल्या. यात तुमची चूक नाही, असं पुष्कळदा होतं, तीन महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करू. दुसऱ्या दिवशी गर्भपिशवी मोकळी केली. पाचव्या दिवशी मी शाळेत होते आणि फळ्यावर अपूर्णांक शिकवत होते. येणारे जाणारे सगळे माझ्या भल्याचंच बोलत होते. लवकर कळलं ते बरं. अजून काही धरलंच नव्हतं. पुढच्या वेळी नक्की. त्या बोलण्यात राग धरण्यासारखं काही नव्हतं, पण त्यात मला रडायला जागाही नव्हती. जे नव्हतंच, त्याच्यासाठी कुणी रडतं का? मिलिंद जास्तीच्या पाळ्या घेऊ लागला. सासूबाई ताटावरून अर्धपोटी उठायला लागल्या. एका घरात तीन माणसं, आणि तिघांची तोंडं तीन भिंतींकडे.

आणि एका संध्याकाळी सातला दोन मिनिटं कमी असताना सिस्टर दारात.

"सिस्टर, इंजेक्शनं संपली," मी म्हटलं.

"मला ठाऊक हाय. चहा टाक." मी चहा टाकला. त्यांनी बशीत ओतला आणि विचारलं, "रडली का?"

"कशासाठी? सगळे म्हणतात, तसं काही नव्हतंच."

त्यांनी बशी खाली ठेवली. मी त्यांना चिडलेलं पहिल्यांदाच पाहिलं. "काय नव्हतं? मग इतके दिवस मी सुई कुणासाठी टोचत होते? तुझ्या कमरेला गाठी आल्या त्या कुणामुळं आल्या? ठोके ऐकले ते काय टेपवरचे होते?"

मी काही उत्तर देणार, तेवढ्यात दारामागून सासूबाई हुंदका देऊन बाहेर आल्या आणि मटकन खाली बसल्या. "मी मारलं त्याला. मीच. लाइट गेली होती म्हणून ती पेटी मी बर्फाच्या कप्प्यात ठेवली. वाटलं, जास्त गार राहील. सगळी गोठली. सिस्टरांनी माझं पाप अंगावर घेतलं. आणि त्याआधी धम्म सोडून तो दोरा. दोन्हीची शिक्षा मिळाली."

खिडकीतून एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात आणि लाइट नेमकी आमच्याच कॉलनीची जाते; त्या दिवशी दुपारीही गेली असणार. फ्रीज बंद पडल्यावर दुसरं त्या माउलीने काय करायचं होतं? पण हे आज कळतं. तेव्हा माझ्या मनात एकच आलं, की सापडली, दोषी माणूस सापडला. मी सासूबाईंकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मला अजून आठवते आणि लाज वाटते.

सिस्टर मध्ये येऊन बसल्या. "नीट ऐक, सुजाता. गोठलेली पेटी मी माझ्या हातानं टाकली. त्यातला एक थेंब तुझ्या अंगात गेला नाय. तुला जे दिलं ते नव्या पेटीतलं, वेळेवर, चांगलं. मूल राहिलं म्हणजे औषध लागू पडलं. पुढं जे झालं त्याचा आणि पेटीचा काय संबंध नाय. हे मी सिस्टर म्हणून सांगते." मग सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवला. "आणि तुम्ही काय शिक्षा शिक्षा लावलंय? बुद्ध काय पोलीस हायेत का, उशा तपासत फिरायला?"

सासूबाई रडता रडता थबकल्या. मला तर हसूच फुटलं, आणि हसता हसता मी रडायला लागले, ती किती वेळ ते मला सांगता येणार नाही. सिस्टरांनी थांबवलं नाही. नंतर त्या हळूच म्हणाल्या, "झाकायला नको होतं मी. वॉर्डात सवय लागली. सुनेचं सासूपासनं झाकायचं, सासूचं सुनेपासनं. त्या दिवशी भांडण टळावं म्हणून झाकलं, आणि ही बाई आतल्या आत कुढत बसली. तिथं मी चुकले." इतक्या सरळपणे चूक कबूल करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. आमच्या शाळेत तर एकही नाही.

उठताना त्यांनी सांगून टाकलं, "रविवारी पुण्यानुमोदन करायचं."

आमच्यात माणूस गेलं की पुण्यानुमोदन होतं. नातेवाईक, शेजारीपाजारी जमतात, वंदना होते, मग एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतो. आमच्या कॉलनीत हा विधी साळवेकाका चालवतात. पोस्टातून निवृत्त झालेले, नियमाला पक्के. ते अडले. "सिस्टर, जन्म नाही, नाव नाही. अशी प्रथा नाही आपल्यात."

"नाय ना? मग पाडू," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या आजोबांच्या लहानपणी पुण्यानुमोदन तरी होतं का? माणसं बसली, ठरवलं, सुरू केलं. आपलं सगळंच दोन-तीन पिढ्यांमागं कुणीतरी बसून ठरवलेलं हाय. आज आपण बसू."

काकांनी मान डोलावली. "बरं. पण फोटोच्या जागी काय ठेवायचं?"

"काय नाय. बुद्धांची मूर्ती ठेवा, मेणबत्ती लावा. फोटोची जागा मोकळी सोडा."

रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत पंधरा-वीस माणसं बसली. पांढरे कपडे, अगरबत्तीचा वास. पाटावर मूर्ती आणि शेजारी हार न घातलेली रिकामी जागा. साळवेकाकांनी त्रिशरण, पंचशील घेतलं आणि म्हणाले, "सुजाता आणि मिलिंद यांच्या बाळाचं आज आपण पुण्यस्मरण करत आहोत. ज्यांना दोन शब्द बोलायचे असतील त्यांनी बोलावं." कुणी उठेना. कोण काय बोलणार? त्या बाळाला कुणी भेटलेलंच नव्हतं. मी मान खाली घालून बसले. वाटलं, हे करायला नको होतं, आता सगळे अवघडून उठून जातील आणि मला कायमचं कळेल की खरंच काही नव्हतं.

मग सासूबाई उठल्या. त्या चारचौघांत कधी बोललेल्या नाहीत. पदर बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मला बोलता येत नाही. पण मला त्याच्याबद्दल एक गोष्ट माहीत आहे. त्याला कांद्याची फोडणी चालत नव्हती. सुजाताला वास आला की उलटी व्हायची. तीन आठवडे आमच्या घरात कांदा चिरला नाही. मिलिंद कुरकुरला, त्याला मी म्हटलं, गप बस, घरातल्या धाकट्याला चालत नाही. नाशिक जिल्ह्यात यायचं आणि कांदा नको म्हणायचं. हट्टी होतं. माझ्या सासऱ्यांसारखं." "एवढंच माहीत आहे," म्हणून त्या खाली बसल्या.

खोलीत आधी कुणीतरी हसलं, मग कुणीतरी नाक ओढलं. मिलिंद भिंतीला टेकून ढसाढसा रडत होता. मी त्याला असं रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. तोवर माझा एक उपचार फसला होता. त्या क्षणी माझं मूल गेलं. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. ज्याचं दुःख करायचं ते कोणीतरी होतं, आणि ते दुःख करायला मी एकटी नव्हते. सिस्टर मागच्या रांगेत बसल्या होत्या. वंदनेत त्यांना नेहमी डुलकी लागायची, त्या दिवशी मात्र त्या टक्क जाग्या होत्या.

पुढच्या वर्षी आम्ही आणखी एकदा उपचार घेतले. तेव्हा काहीच राहिलं नाही, आणि मी थांबायचं ठरवलं. हे सिस्टरांना सांगायला मी दोन दिवस धीर गोळा करत होते. मला वाटलं होतं, त्या पुन्हा प्रयत्न कर म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तू थांबली, की कुणी थांबवलं?"

"मी थांबले."

"मग बरोबर. हरल्यासारखं वाटतं का?"

"थोडं वाटतं."

"थोडं वाटू दे. पण हरली नाय तू. तुझ्या हातात होतं तेवढं काम तू पुरं केलं. वॉर्डात मी बायांना हेच सांगायचे. कधी कधी डॉक्टरांनापण सांगावं लागायचं." मग माझा दंड दाबून बघत म्हणाल्या, "वाळलीस. आज इथंच जेव." त्या दिवशी मी ते वरण दुसऱ्यांदा खाल्लं आणि वर मागून घेतलं.

त्या गेल्या त्याच्या महिनाभर आधी आम्ही त्यांना भेटायला सिन्नरला गेलो होतो. घरात पडल्यामुळे मधल्या मुलाने त्यांना तिकडे नेलं होतं. सून दारातच म्हणाली, "कुणाला ओळखत नाहीत आता. कधी कधी वाटतं, वॉर्डातच आहेत." सासूबाई आणि मिलिंद बाहेर ओट्यावर टेकले. मी एकटीच आत गेले. सिस्टर खाटेवर बसलेल्या होत्या. मी जवळ बसताच त्यांनी माझं मनगट धरलं आणि नाडी मोजायला लागल्या.

"नाव?"

"सुजाता."

"कितवी खेप?"

मला लोक नेहमी विचारतात, मुलं किती. लग्नात, शाळेत, बसमध्ये शेजारी बसलेल्या बायका. मी "नाही" म्हणते आणि विषय बदलते. पण सिस्टरांचा प्रश्न वेगळा होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

"पहिली," मी म्हटलं.

"किती दिवसांची?"

"नऊ आठवड्यांची होते, सिस्टर. गेलं."

त्यांनी मनगट सोडलं नाही. दाराकडे बघून ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाल्या, "अगं, लिहून घे. सुजाता. खेप पहिली. नऊ आठवडे." दारात उभ्या सुनेला याची सवय असावी. औषधांच्या वेळा लिहायची वही तिने खिडकीतून उचलली आणि शांतपणे लिहून घेतलं.

"वाच."

"सुजाता. खेप पहिली. नऊ आठवडे," सुनेने वाचलं.

"बरोबर," पगारे सिस्टर म्हणाल्या. "आता हिच्यासोबत कोण आलंय त्यांना आत घे. उन्हात कशाला बसवलंय?"